तांग काळात चीनमधली माणसं कशी जगत होती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तांग घराण्याचं नाव निघालं की बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातलं ह्युएन त्संगचं चित्र आठवतं, पाठीवर पोथ्यांचा भारा घेतलेलं. पुढे फारसं कुणी जात नाही. मला या काळाचं वेड लागलं ते मेलेल्या माणसांच्या कागदी बुटांमुळे. ते काय प्रकरण आहे ते खाली येईलच. गेली काही वर्षं या विषयावर जिथे जिथे बोलणं झालं, तिथे तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा आले. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान.

तांग काळ म्हणजे नेमका कधीचा? आपल्याकडे तेव्हा काय चालू होतं?

इ. स. ६१८ ते ९०७. ली युआन नावाच्या सरदारानं सुई घराणं बाजूला सारून गादी घेतली, पण राज्याची खरी घडी बसवली ती त्याचा मुलगा तायझोंग यानं (६२६ ते ६४९). आपल्याकडे तेव्हा बदामीचे चालुक्य होते. मधल्या काळात आपल्याकडेही सत्ता बदलली आणि राष्ट्रकूट आले. वेरूळला कैलास लेणं कोरलं जात होतं, त्याच सुमाराला तिकडे तांग साम्राज्य एका भयंकर बंडातून कसंबसं सावरत होतं.

ह्युएन त्संग, युआन श्वांग, श्वानझांग: ही तीन माणसं की एकच?

एकच. जुन्या पुस्तकांत ह्युएन त्संग, नंतरच्या पुस्तकांत युआन श्वांग, आणि आजच्या चिनी उच्चाराच्या जवळ जायचं तर श्वानझांग. ज्याला जे ओळखीचं असेल ते त्यानं म्हणावं. या पानावर मी ह्युएन त्संगच लिहिणार आहे, कारण मराठी कानाला तेच पटकन ओळखू येतं.

तो खरंच महाराष्ट्रात आला होता का?

हो, साधारण ६४१ च्या सुमारास. चीनमधून निघाला तेव्हा सरहद्द ओलांडायला बंदी होती, त्यामुळे तो परवानगीशिवाय, लपतछपतच बाहेर पडला. आपल्या मुलखाचं नाव त्यानं ‘मो-हो-ला-च’ असं लिहून ठेवलंय. जरा मोठ्यानं म्हणून बघा, ‘महाराष्ट्र’ ऐकू येतं.

त्यानं इथल्या माणसांचं केलेलं वर्णन मी कितीदा वाचलं तरी पुन्हा वाचावंसं वाटतं. माणसं उंचीपुरी, स्वभावानं साधी पण मानी. उपकार केला तर विसरणार नाहीत, अपमान केला तर सोडणार नाहीत. सूड घ्यायचा असला तरी आधी शत्रूला कळवणार, मगच हत्यार उचलणार. अडचणीतला माणूस दारात आला तर स्वतःचं भान विसरून त्याच्यासाठी धावणार. लढाई हरलेल्या सेनापतीला दुसरी शिक्षा नाही, फक्त बायकांचे कपडे पाठवायचे. त्या लाजेनंच तो जीव देतो. लढाईच्या आधी वीर दारू पितात, हत्तींनाही पाजतात. राजा पुलकेशी. आणि उत्तरेचा हर्ष स्वतः सैन्य घेऊन आला, तरी या लोकांना नमवू शकला नाही, हेही त्यानं लिहिलंय. लक्षात घ्या, हर्ष हा त्याचा आश्रयदाता होता. तरीही त्याची हार त्यानं लपवली नाही.

पूर्वेकडच्या डोंगरात, गर्द दरीत कोरलेल्या एका विहाराबद्दलही तो सांगतो. अचल नावाच्या अर्हतानं तो करवला, आणि दाराबाहेर दगडी हत्ती आहेत, असं. वर्णन अजिंठ्याला लागू पडतं. १६ क्रमांकाच्या लेण्याच्या पायथ्याशी आजही दोन हत्ती आहेत, आणि २६ क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात अचल या भिक्षूचं नाव आहे. पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात तर त्या हत्तींपाशी पाच मिनिटं थांबा.

६४५ मध्ये तो राजधानीत परतला तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादलेले होते. न सांगता गेलेल्या माणसाला शिक्षा व्हायची, तर सम्राटानं त्याचं स्वागत केलं आणि भाषांतरासाठी माणसं दिली. उरलेलं आयुष्य, ६६४ पर्यंत, त्यानं त्यातच घालवलं.

राजेरजवाड्यांचं ठीक आहे, पण साध्या माणसांचं जगणं आपल्याला कळतं कसं?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

चीनच्या वायव्येला तुर्फान नावाचं एक ओसाड, कोरडंठाक खोरं आहे. तिथे पाऊस जवळजवळ नाहीच. या भागात मेलेल्या माणसाला पुरताना कागदाचे बूट, टोप्या, कमरपट्टे घालायची रीत होती. कोरा कागद महाग, म्हणून रद्दी वापरायची: कचेरीतले जुने दप्तर, फिटलेले कर्जरोखे, कोर्टातले जबाब, कर भरल्याच्या पावत्या. कात्रीनं बुटाचा तळवा कापायचा, शिवायचा, मयताच्या पायात घालायचा. तेराशे वर्षांनी तुर्फानजवळच्या अस्ताना इथल्या थडग्यांतून हे बूट निघाले. अभ्यासकांनी त्यांची शिवण उसवली आणि तुकडे जुळवले, तेव्हा एकेका गावाचा व्यवहार समोर आला.

एक उदाहरण देतो. झुओ चोंगशी नावाचा एक सावकार ६७३ मध्ये वारला. त्याच्याबरोबर त्याचे पंधरा करार पुरलेले होते, जणू परलोकातही वसुली करायची असावी. कर्जाचं व्याज महिन्याला शेकडा दहापर्यंत आणि त्याहूनही वर. कर्जदार पळाला तर बायकामुलांनी फेडायचं, अशी अट. लिहिता न येणारा माणूस सहीऐवजी कागदावर बोट ठेवायचा आणि बोटाच्या पेरांच्या खुणा शाईनं करून घ्यायचा. आपल्याकडच्या अंगठ्याची ही तिकडची सोय.

दुसरं उदाहरण मला फार जवळचं आहे. ७१० साली बु त्यानशौ नावाच्या बारा वर्षांच्या मुलानं कन्फ्यूशियसच्या वचनांची सटीक प्रत हातानं उतरवून काढली. काम संपल्यावर शेवटी त्यानं चार ओळी स्वतःच्या जोडल्या. त्यांचा भाव असा: आजचं लिहिणं झालं, गुरुजी, उशीर झाला म्हणून रागावू नका, उद्या सुट्टी आहे, तेव्हा पोरांना लवकर घरी सोडा. त्यात अक्षरांच्या चुकाही आहेत. सारख्या उच्चाराचं भलतंच अक्षर वापरलंय, जसं आपली मुलं ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ घालतात. हा कागद पाहिल्यापासून ‘तांग संस्कृती’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी हा मुलगा येतो.

असाच दुसरा साठा वायव्य चीनमधल्याच दुनहुआंगच्या गुंफेत सापडला. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला चिणून टाकलेली खोली, १९०० मध्ये उघडली गेली. तिथे पोथ्यांबरोबर पत्रांचे नमुनेही आहेत. ८५६ सालचा एक नमुना आहे तो काल रात्री जास्त प्यायल्याबद्दल यजमानाची माफी मागायचा. काय बोललो ते आठवत नाही, सकाळी लोकांकडून कळलं तेव्हा भुईत गडप व्हावंसं वाटलं, असा सगळा मजकूर तयार. सरकारी कारकुनांनी फक्त नाव घालायचं.

राजधानी चांगआन किती मोठी होती?

तटाच्या आत साधारण ८४ चौरस किलोमीटर. पूर्व-पश्चिम सुमारे पावणेदहा किलोमीटर, दक्षिण-उत्तर साडेआठच्या वर. मधला मुख्य रस्ता दीडशे मीटरच्या आसपास रुंद. वस्ती दहा लाखांच्या घरात होती असं साधारण मानतात. आजच्या शिआन शहराखाली ती राजधानी गाडली गेलीये.

शहर सारीपटासारखं आखलेलं. शंभरावर पेठा, आणि प्रत्येक पेठेला स्वतःची भिंत, स्वतःची वेस. संध्याकाळी नगारा वाजायला लागायचा. आठशे ठोके पूर्ण झाले की वेशी बंद. त्यानंतर मोठ्या रस्त्यावर सापडलात तर वीस छड्या. पेठेच्या आत मात्र हिंडायला फिरायला हरकत नसे. घरात कुणी आजारी, लग्न किंवा मयत असलं तर चिठ्ठी घेऊन बाहेर पडता यायचं. वर्षातून तीन रात्री, पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेच्या आगेमागे, दिव्यांच्या सणाला ही बंदी उठायची आणि अख्खं शहर रस्त्यावर उतरायचं. एरवी कोंडलेल्या शहराला त्या तीन रात्रींचं किती अप्रूप असेल!

बाजार दोन. पूर्वेचा बड्या लोकांच्या वस्तीजवळचा, पश्चिमेचा परदेशी व्यापाऱ्यांनी गजबजलेला. दोन्ही दुपारी तीनशे ठोक्यांनी उघडायचे आणि सूर्यास्ताआधी झांज वाजवून बंद व्हायचे.

शेतकऱ्याचं काय?

कागदावर व्यवस्था अतिशय न्याय्य दिसते. प्रत्येक कर्त्या पुरुषाला शंभर मू, म्हणजे साधारण तेरा एकर जमीन सरकारकडून. त्यातली ऐंशी मू त्याच्या हयातीपुरती, वीस वंशपरंपरेनं. बदल्यात दरवर्षी ठराविक धान्य, ठराविक रेशीम किंवा कापड, आणि वीस दिवसांची वेठ. तुर्फानचे कागद पाहिले की कळतं, प्रत्यक्षात हातात यायची ती जमीन याच्या कितीतरी कमी, आणि तीही चार ठिकाणी तुकड्यातुकड्यांत. तरी एक गोष्ट थक्क करते: इतक्या दूरच्या कोपऱ्यातही माणूस मेला की जमीन परत घेतल्याच्या, वाटल्याच्या नोंदी होत होत्या. पुढे ७८० मध्ये ही पद्धत मोडीत निघाली आणि ऐपतीप्रमाणे वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि शरदात, कर घ्यायला सुरुवात झाली.

परीक्षा देऊन कुणीही अधिकारी होऊ शकत असे, हे खरं का?

अर्धं खरं. परीक्षा होती, आणि ती भयंकर अवघड होती. सर्वांत मानाच्या ‘जिनशी’ परीक्षेत वर्षाला जेमतेम वीसतीस जण पास होत. तिशीत पाठांतराच्या परीक्षेला बसणारा म्हातारा आणि पन्नाशीत जिनशी होणारा तरुण, अशा अर्थाची म्हणच होती. मंग ज्याओ हा कवी ४६ व्या वर्षी पास झाला आणि आज एका दिवसात चांगआनमधली सगळी फुलं पाहून आलो, असं त्यानं आनंदानं लिहिलं. बाय जूयी हा दुसरा कवी ८०० साली पास झाला, त्या खेपेला सतरा जण होते आणि त्यात सगळ्यात लहान तो. याचाही त्याला केवढा अभिमान! पास झालेल्यांना मेजवानी मिळायची, आणि मग मोठ्या हंस-पगोड्यात जाऊन आपलं नाव लिहायचं.

पण व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या मुलांना परीक्षेला बसायला बंदी होती. उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकलेलं नसे. त्यामुळे आधी बड्या लोकांकडे आपल्या कविता पाठवायच्या, ओळख काढायची, असा सगळा मामला. बरेच अधिकारी घराण्याच्या जोरावर परीक्षेशिवायच लागत. आणि ७४७ मध्ये तर कहर झाला: प्रधान ली लिनफू यानं सगळ्यांना नापास केलं आणि सम्राटाला कळवलं की राज्यात आता निवडायला एकही गुणी माणूस बाहेर उरलेला नाही. त्या नापासांत दू फू होता. चिनी भाषेतला सर्वांत थोर कवी म्हणून ज्याचं नाव घेतात, तो.

तांग काळातल्या बायका खरंच स्वतंत्र होत्या का?

इतर कालखंडांच्या मानानं मोकळ्या होत्या, एवढं नक्की म्हणता येईल. पाय बांधायची रीत अजून आलेली नव्हती. सातव्या शतकात घराबाहेर पडणाऱ्या प्रतिष्ठित बाया अंगभर झाकणारा बुरखा घेत. मग तो गळ्यापर्यंतच्या जाळीवर आला. आठव्या शतकात तर त्या उघड्या चेहऱ्यानं, कधी पुरुषी पोशाखात, घोड्यावर बसून हिंडू लागल्या. थडग्यांमधल्या मातीच्या बाहुल्यांत बायका पोलो खेळताना दिसतात. राजकन्यांचे पुनर्विवाह सर्रास होत. आणि वू झेत्यान ही ६९० ते ७०५ या काळात स्वतःच्या नावावर सम्राट होती. चीनच्या अख्ख्या इतिहासात असं करणारी ती एकटी.

कायदा मात्र नवऱ्याच्या बाजूचाच. बायकोला सोडायला सात कारणं पुरत: मुलगा नसणं, सासूसासऱ्यांची सेवा न करणं, जास्त बोलणं, मत्सर वगैरे. तीन परिस्थितींत तिला सोडता येत नसे: सासूसासऱ्यांचं सुतक तिनं पाळलं असेल, गरिबीत संसार सुरू करून पुढे घर वर आलं असेल, किंवा तिला परत जायला माहेरच उरलं नसेल. हे तीन अपवाद वाचताना वाटतं, हे लिहिणाऱ्यानं कुठल्यातरी बाईचं रडणं ऐकलं असावं. आणि दोघांचं पटत नसेल तर राजीखुशीनं वेगळं व्हायला कायद्याची आडकाठी नव्हती.

दुनहुआंगमध्ये अशा काडीमोडाच्या पत्रांचे नमुने मिळालेत, तांग काळाच्या अखेरचे आणि त्यालगतच्या काळातले. सोडचिठ्ठी म्हटल्यावर आपण भांडणाची भाषा अपेक्षित धरतो. इथे नवरा लिहितो: तू पुन्हा केस विंचर, भुवया रेखाट, सुंदर दिस, तुला मानाचा नवरा मिळो, जुने राग सोडून देऊ, एकमेकांचा द्वेष नको, वेगळे झालो की दोघांनाही मोकळं वाटो, दोघंही आपापल्या जागी आनंदात राहो. हा छापील नमुन्यासारखा मजकूर आहे हे मान्य. पण कुठल्या समाजाला नमुना म्हणून काय लिहून ठेवावंसं वाटलं, यातूनही खूप कळतं.

गुलाम होते का?

होते. तांग कायद्याची संहिता ६५३ ची, तिच्यावर चीनच्या शेजाऱ्यांनीही आपापले कायदे बेतले, इतकी ती पक्की. त्याच संहितेत गुलाम हे गुराढोरांसारखे समजावेत असं स्पष्ट लिहिलंय. वर ज्या सावकाराचा उल्लेख केला, त्यानं ६६१ मध्ये पंधरा वर्षांचा एक गुलाम विकत घेतला: सहा तागे साधं रेशीम आणि पाच नाणी. गृहपाठ संपवून घरी जायला आसुसलेला बारा वर्षांचा मुलगा आणि हा पंधरा वर्षांचा, दोघांचेही कागद त्याच थडग्यांच्या रानातून निघाले. तांग काळाचे गोडवे गाताना या दुसऱ्या मुलाला विसरता येत नाही.

परदेशी लोक खूप होते म्हणतात. भारतीयही होते का?

सगळ्यात जास्त होते ते सोग्दी: समरकंद, बुखाऱ्याकडचे व्यापारी. चिनी लोक त्यांना गावावरून आडनाव देत, समरकंदचा तो कांग, बुखाऱ्याचा तो आन. लुशान हे त्यांच्यातलं एक लाडकं नाव, मूळ शब्द ‘रोख्शन’, म्हणजे प्रकाश. आपल्या ‘रोशन’चा तो सख्खा भाऊ.

६७० च्या सुमाराचा एक खटला तुर्फानच्या कागदांत आहे. त्साओ लुशान नावाच्या सोग्दी माणसाची तक्रार अशी: माझ्या भावानं ली नावाच्या चिनी व्यापाऱ्याला २७५ तागे रेशीम उसनं दिलं, मग भाऊ वाटेतच बेपत्ता झाला, आता पैसे द्या. करारनामा हरवलेला. तरी साक्षीदार शोधून कचेरीनं निकाल परक्या माणसाच्या बाजूनं दिला. तांग राज्याचा मोठेपणा मला महालांपेक्षा या निकालात जास्त दिसतो.

भारतीय म्हणाल तर गौतम हे आडनावच तिथे रुजलेलं होतं. गौतम सिद्ध हा चांगआनमध्ये राहिलेला भारतीय वंशाचा ज्योतिर्विद सम्राटाच्या खगोल-कचेरीचा प्रमुख होता. ७१८ मध्ये त्यानं नवग्रहांचं भारतीय गणित चिनी भाषेत आणलं. त्यात शून्यासाठी ठिपका वापरायची रीत दिलेली आहे. त्याच्या मुलाचं थडगं १९७७ मध्ये शिआनजवळ सापडलं, मृत्युलेखासकट. घराण्यानं पिढ्यान् पिढ्या हेच काम केलं. याशिवाय वज्रबोधी, अमोघवज्र असे बौद्ध आचार्य दरबारात वजन राखून होते. आणि ६४७ च्या सुमारास तायझोंगनं मगधाकडे माणसं पाठवली ती उसापासून चांगली साखर कशी करतात ते शिकायला.

धर्माचं वातावरण कसं होतं? सगळे बौद्धच होते का?

राजघराणं आपलं कूळ ताओ पंथाच्या लाओत्सेपर्यंत नेऊन भिडवायचं, राज्य चालायचं कन्फ्यूशियसच्या शिकवणीवर, आणि घरोघरी बुद्ध. पश्चिमेच्या बाजाराजवळ पारशांची अग्निमंदिरंही होती. सिरियाच्या परंपरेतले ख्रिस्ती ६३५ मध्ये आले. त्यांनी ७८१ मध्ये उभारलेला शिलालेख, चिनी आणि सिरियाई अशा दोन्ही लिप्यांतला, शिआनच्या संग्रहालयात आजही आहे.

पण हे कायम टिकलं नाही. ८४५ मध्ये वूझोंग सम्राटानं विहारांवर वरवंटा फिरवला: ४,६०० मठ, ४०,००० लहान देवळं, आणि संसारात परत ढकललेले २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणी, असा सरकारी आकडा आहे. कारण बरंचसं पैशाचं होतं, विहारांना कर माफ, जमिनी मात्र अफाट. परक्या धर्मांनाही त्याच झपाट्यात हाकललं. पुढच्याच वर्षी सम्राट वारला आणि बौद्ध धर्माला उसंत मिळाली, पण जुनं वैभव परत आलं नाही.

चहा तेव्हाच सुरू झाला का?

चहा आधीपासून होता, पण घराघरात पोचला तो तांग काळात. ‘चहा’ हा आपला शब्दही चिनी ‘चा’पासूनच आलाय. लू यू नावाच्या माणसानं आठव्या शतकात चहावर पहिलं पुस्तक लिहिलं. तो पोरका होता, बौद्ध मठात वाढला.

आपल्या चहाशी मात्र त्याचा काही संबंध नाही. वाफवून, कुटून, दाबून केलेली चहाची वडी असे. ती विस्तवावर भाजायची, जात्यात दळायची, चाळायची. पाण्याला माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे आले की चिमूटभर मीठ. कडेनं मोत्यांची माळ सुटल्यासारखे बुडबुडे आले की एक पळी पाणी काढून ठेवायचं, आणि ढवळत मध्ये चहाची पूड सोडायची. लाटा उसळू लागल्या की काढून ठेवलेलं पाणी परत ओतून उकळी शांत करायची. लोक त्यात कांद्याची पात, आलं, खजुरासारखी बोरं, संत्र्याची साल घालत. लू यूला ते बिलकूल मान्य नव्हतं, त्यानं त्याला गटाराचं पाणी म्हटलंय. सकाळी आल्याच्या चहाशिवाय डोळे न उघडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकायला जड जातं.

खाण्यात उत्तरेला बाजरीवर्गातलं धान्य आणि गहू, दक्षिणेला तांदूळ. तीळ लावून भट्टीत भाजलेल्या ‘हू’ भाकरीचं, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या भाकरीचं, चांगआनला वेड होतं. बाय जूयीनं मित्राला अशा गरम, कुरकुरीत भाकरी पाठवल्या आणि सोबत कविताही धाडली: राजधानीतल्या दुकानासारख्या जमल्यात का, सांग.

तांग कवितेचं एवढं कौतुक का?

१७०६ मध्ये पुऱ्या झालेल्या संग्रहात जवळपास ४९,००० कविता आहेत, २,२०० हून अधिक कवींच्या. अधिकारी, भिक्षू, ताओ पंथाच्या जोगिणी, गणिका, सगळ्यांच्या. चंगदूला राहणारी श्वे ताओ ही गणिका कवितेसाठी स्वतः लालसर रंगाचे छोटे कागद करायची. ते तिच्या नावानं प्रसिद्ध झाले. निरोप, आजारपण, बदली, पाऊस, प्रत्येक गोष्टीला कविता.

एकाच कवीचं सांगतो. ७५५ च्या हिवाळ्यात दू फू राजधानीतून बायकोमुलांकडे निघाला. वाटेत सम्राट गरम पाण्याच्या कुंडांवर मौजेत होता. लाल दरवाजांच्या आत मांस-मद्य नासतंय आणि रस्त्यावर गारठून मेलेल्यांची हाडं पडलीयेत, असं त्यानं लिहिलं. घरी पोचला तर दारातच रडणं ऐकू आलं. त्याचं तान्हं मूल उपासमारीनं गेलं होतं. त्याच कवितेत पुढे तो म्हणतो की मला तर कर नाही, वेठ नाही. माझी ही गत, मग साध्या माणसांचं काय होत असेल? हे वाचल्यावर तांग वैभवाचे आकडे वेगळेच दिसायला लागतात.

छपाई तांग काळातली का?

लाकडी ठशांची छपाई, हो. तारीख छापलेलं सर्वांत जुनं संपूर्ण पुस्तक म्हणून जे दाखवतात, ते दुनहुआंगला सापडलेलं वज्रच्छेदिका सूत्र ११ मे ८६८ चं आहे. साधारण पाच मीटर लांबीची गुंडाळी, आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. शेवटी लिहिलंय की वांग ज्ये यानं आईवडिलांच्या पुण्यासाठी सगळ्यांना फुकट वाटायला हे करवून घेतलं.

आन लुशानच्या बंडात साडेतीन कोटी माणसं मेली, हे खरं आहे का?

आन लुशान हा तांगांचाच एक सेनापती, ७५५ मध्ये तो बंड करून उठला. साडेतीन कोटींचा आकडा इंटरनेटवर सगळीकडे फिरतो आणि तो चुकीच्या वजाबाकीतून आलाय. ७५५ च्या शिरगणतीत सुमारे ५ कोटी २९ लाख माणसांची नोंद होती, ७६४ मध्ये १ कोटी ६९ लाखांची. मधला फरक म्हणजे सगळे मेलेले नव्हेत. बंड आठ वर्षं, ७६३ पर्यंत, चाललं. लोक दक्षिणेला पळाले, कितीतरी प्रांतांनी राजधानीला हिशेब देणंच बंद केलं, आणि नोंदी ठेवणारी यंत्रणा कोसळली. माणसं अतोनात मेली हे खरंच. पण साडेतीन कोटी हा दप्तरातून गळालेल्यांचा आकडा आहे.

मग शेवट कसा झाला? आज पाहण्यासारखं काय उरलंय?

बंडानंतरही घराणं दीडशे वर्षं टिकलं, पण प्रांतोप्रांतीचे सेनापती आपापले राजे झाले होते. ८७४ नंतर दुष्काळातून उठाव सुरू झाले. त्यांचा पुढारी हुआंग चाओ हा परीक्षेत नापास झालेला, चोरून मीठ विकणारा माणूस. त्यानं ८७९ मध्ये ग्वांगझोऊ बंदरात परदेशी व्यापाऱ्यांची कत्तल केली आणि ८८१ च्या सुरुवातीला चांगआन घेतलं. त्याच्याच बाजूनं आधी लढलेला झू वन पुढे इतका वरचढ झाला की ९०४ मध्ये त्यानं सम्राटाला लुओयांगला हलवलं आणि चांगआन उतरवायला लावलं. महाल, कचेऱ्या, लोकांची राहती घरं, सगळ्यांचं लाकूड काढून वेई नदीत सोडलं. ते वाहत खाली गेलं. ९०७ मध्ये त्यानं गादीही घेतली.

त्यामुळे शिआनमध्ये आज जमिनीवर उभं असं तांग काळातलं फार थोडं दिसतं: विटांचे दोन पगोडे, मोठा हंस-पगोडा ६५२ चा आणि लहान आठव्या शतकाच्या आरंभीचा. मोठा उभारला तो ह्युएन त्संगनं आणलेल्या पोथ्या ठेवायला. परीक्षा पास झालेले तिथेच येऊन नाव लिहायचे. त्यांनी शाईनं लिहिलेली ती नावं आता नाहीत. सुट्टीची वाट पाहणाऱ्या बु त्यानशौचा कागद मात्र उरुम्चीच्या संग्रहालयात आहे, चुकलेल्या अक्षरांसकट.